पातेल्यात हरवलेल्या सासूबाई

थंडी पडली की आमच्या घरी हुलग्याची शेंगोळी होतात, आणि शेंगोळी झाली की माझी मुलगी जेवायला बसायच्या आधी डाव घेऊन पातेलं तळापासून ढवळून बघते. "आज आत कोण हाय?" असं विचारते. मी म्हणते, ओळख की. मग ती पिठाची एखादी टम्म फुगलेली बाहुली बाहेर काढते आणि आपल्या गणिताच्या सरांचं पोट ओळखून खिदळत बसते. तिचं नाक तिच्या आजीचं आहे, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. ते नाक माझ्या संसारात दोनदा नव्यानं आलं, एकदा पातेल्यात आणि एकदा पाळण्यात, आणि दोन्ही वेळेला माझी बोबडी वळली होती. त्यातली पहिली वेळ सांगते.

शेंगोळी ज्यांनी खाल्ली नसतील त्यांची मला कीव येते, पण सांगायला तर हवं. हुलगे, म्हणजे कुळीथ, दळून आणायचे. त्या पिठात वाटलेला लसूण, जिरं, ओवा, मीठ आणि चटणी घालून घट्ट मळायचं. चटणी म्हणजे आमचा कांदा-लसणाचा लाल मसाला, वर्षाचा एकदम करून ठेवलेला. मग पिठाची गोळी तळहातांत लांब वळायची, दोन टोकं जोडून कडी करायची आणि लसणाची फोडणी दिलेल्या उकळत्या पाण्यात सोडायची. शिजत आलं की पाणी दाटसर होतं. वर तूप, सोबत भाकरी. बाहेर गारठा असताना हे वाडगंभर पोटात गेलं की कान गरम होतात, नाक वाहायला लागतं, आणि माणूस घटकाभर कुणाशी भांडत नाही. मी सुद्धा नाही, आता बोला.

मी गडहिंग्लजची. आई मी नीट बोलायला लागायच्या आत गेली. घरात अप्पा, म्हणजे माझे वडील, दोन थोरले भाऊ आणि मी. बाजारात अप्पांचं किराण्याचं दुकान होतं. अर्धी गिऱ्हाइकं मराठी बोलायची, अर्धी कानडी, आणि सगळी मोठ्यानं. घरचा स्वयंपाक अप्पाच करायचे. त्यांना भात यायचा, आमटी यायची, आणि थंडीत शेंगोळी यायची. एवढ्यावर आम्ही तिघं पोरं वाढलो आणि कुणी वाळलं नाही.

अप्पांची एक गंमत होती. दिवसभरात ज्या गिऱ्हाइकानं डोकं खाल्लं असेल, त्याची ते शेंगोळ्याच्या पिठाची बाहुली करायचे आणि पातेल्यात सोडायचे. साबुदाणा निवडून दे म्हणणारी अक्का, शेंगदाणे चव बघत बघत मूठभर खाऊन काही न घेता जाणारे मामा, सगळे आमच्या पातेल्यात उकळलेत. ज्याच्या ताटात बाहुली येईल त्यानं ती खायची, आणि खाल्ली की त्या माणसावरचा घरातल्या सगळ्यांचा राग संपला. "मुगीतु," अप्पा म्हणायचे. कानडीत मुगीतु म्हणजे संपलं. दुसऱ्या दिवशी तीच अक्का आली की अप्पा हसून म्हणायचे, "या अक्का, बसा." नाटक नव्हतं ते, त्यांचा राग खरंच गेलेला असायचा.

मी मोठी होता होता बाहुल्यांचं काम माझ्याकडं आलं. अप्पा पीठ मळून द्यायचे, मी बाहुल्या वळायची. पिठात काय काय पडतं हे मी कधी बघितलं नाही. पण रोज शेंगोळ्यांत हात असल्यामुळं मला वाटायचं, आपल्याला शेंगोळी येतात. ही समजूत घेऊन मी लग्न करून कोल्हापुरात, मंगळवार पेठेत आले. सोबत दुकानात कमावलेला आवाज आणला, आणि जीभ.

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. बाई कडक, कामाला वाघीण, आणि नाक असं की पेठेत कुणी पाठमोरं उभं असलं तरी त्या आल्याचं कळावं. लांब, सरळ, आणि शेंड्याला जरा खाली वळलेलं. त्यावर लाल खड्याची चमकी. त्या कुठल्या खोलीत शिरल्या की आधी नाक यायचं, मग चमकी, मग आत्या. माझं लग्न ठरलं तेव्हा मी नवऱ्याचा फोटो बघितला होता. त्याचं नाक बेताचं होतं म्हणून मी हो म्हटलं. ते त्याच्या वडिलांवर गेलंय हे मला नंतर कळलं.

पहिल्याच दिवाळीत मी दिवा लावला. घरात पावणे जेवायला बसलेले, आत्या वाढत होत्या, आणि मी घास तोंडात टाकून सगळ्यांदेखत म्हटलं, "आत्या, यंदाची चटणी जरा खारट झालीया न्हवं?"

कोल्हापुरात बाईच्या नवऱ्याला आळशी म्हटलं तर ती हसून घेते. तिच्या चटणीला नाव ठेवायचं नाही. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, कांदा परतून, डंकावर, म्हणजे मसाल्याच्या गिरणीत, तासन् तास उभं राहून कुटून आणलेली चटणी असते. बरणी एकदा भरली की वर्षभर तीच. खारट झाली असली तरी ती खारट झाली हे त्या बाईनं म्हणायचं, दुसऱ्यानं नाही. आत्यांच्या हातातला डाव हवेत थांबला. पावण्यांनी माना ताटात घातल्या.

"एवढं कळतंय तर वेगळी चूल मांडून दाव की," आत्या म्हणाल्या.

"दावतो की!" मी म्हटलं. आमच्याकडं बायकाही जातो, येतो, दावतोच म्हणतात, आणि तेवढ्याच ठसक्यात.

गप्प बसले असते तर? पण गप्प बसणं दुकानात शिकवत नव्हते. महिन्याच्या आत आम्ही वेगळे निघालो. वेगळे म्हणजे किती, तर त्याच पेठेत, दोन बोळं पलीकडं, एका चौकातल्या दोन खोल्यांत. आणि वेगळी चूल म्हणजे रॉकेलचा स्टोव्ह, कारण गॅसला नंबर लागला नव्हता. आत्यांनी दारात उभं राहून पेठेला ऐकू जाईल असं सांगितलं, "तिच्या घरचं पाणीबी पिणार न्हाय मी." आणि त्या बाईनं शब्द पाळला. रस्त्यात दिसल्या तर नाक तेवढं माझ्याकडं वळायचं, डोळे दुसरीकडं.

पुढची थंडी आली तेव्हा मला सातवा महिना लागला होता. सगळं जग म्हणतं, पहिलं बाळंतपण माहेरी. माझं माहेर म्हणजे अप्पा, दोन भाऊ आणि किराणा माल. अप्पांनी कौतुकानं साखरेचं पोतं दिलं असतं, पण बाळाला अंघोळ कोण घालणार, मला शेक कोण देणार, रात्री पोर रडायला लागलं तर ते पोटानं रडतंय का भुकेनं हे मला कोण सांगणार? मला भीती वाटत होती. उघड सांगायची सोय नव्हती, कारण वेगळी चूल मी ठसक्यात मांडली होती. ज्या एका बाईला हे सगळं येत होतं, तिची चटणी मी खारट ठरवून बसले होते. तिनं मला बाळंतपणाला घरी घ्यावं, एवढंच मला हवं होतं, आणि तेवढंच मागता येत नव्हतं.

शेवटी नवरा आईकडं जाऊन आला. "गुरुवारी दुपारी बघून जातो म्हणालीय," त्यानं सांगितलं. "पण खाणार न्हाय काय. पाणीबी न्हाय."

"खाणार कशा न्हाईत, बघतो मी," मी म्हटलं. या तोंडाचं करायचं काय!

त्या गुरुवारी असा गारठा पडला होता की नळाचं पाणी हाताला चावत होतं. मी ठरवलं, शेंगोळी करायची. अप्पांच्या दुकानचं हुलग्याचं पीठ होतंच. सकाळी नवरा कामावर गेला आणि मी परात पुढं ओढून मळायला बसले. मळता मळता आत्यांना काय काय सुनवायचं ते मनात चाललं होतं. मी बोलायची, त्या निरुत्तर व्हायच्या, मी परत बोलायची. अशी जिंकत जिंकत मी पीठ मळलं आणि शेंगोळी वळली. तेवढ्यात बघते तर हातात बाहुली तयार झालेली. साडी झाली, अंबाडा झाला, मग नाक लावलं. थोडं कमी वाटलं म्हणून अजून लावलं. मग डब्यातला एक काळा मिरा घेऊन चमकीच्या जागी खोचला. हुबेहूब! मी एकटीच परातीपुढं बसून पोट धरून हसले.

माझा इरादा चांगला होता, देवाशपथ. आत्या यायच्या आत ती बाहुली आपण खायची, मुगीतु म्हणायचं, राग संपवायचा आणि स्वच्छ तोंडानं त्यांना या म्हणायचं. बाहुली मी पातेल्यात सोडली.

आमच्या चौकात चार बिऱ्हाडं होती. माझ्या शेजारी शाहूवाडीकडच्या काकी, त्यांचा नवरा एसटीत ड्रायव्हर. समोर भाभी, त्यांच्या घरात शिलाई मशिनच्या दुरुस्तीचं काम चालायचं. आणि कोपऱ्यात मालकीणबाई, दात गेलेल्या, जीभ शाबूत. चौकाचा एक रिवाज होता. काही चांगलं केलं की शेजारी द्यायचं, आणि शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही. त्यामुळं कुणाचं ना कुणाचं भांडं कायम कुणाकडं तरी अडकलेलं असायचं. काकींचं मोठं वाडगं आठवडाभर माझ्याकडं पडून होतं. चौकात माझ्या स्वयंपाकाची काय कीर्ती होती ते मला माहीत होतं. म्हटलं, आज दाखवतेच. शेंगोळी उकळल्यासारखी दिसली तशी मी वाडगं गच्च भरलं आणि काकींच्या हातात नेऊन दिलं. चव बघितली नाही. चव गिऱ्हाइकानं बघायची, अशा घरात वाढलेली मी.

मग घरी येऊन ताटलीत घेतलं आणि घास तोंडात टाकला. आई गं! मीठ नाही. चटणी नाही. लसूण पिठातही नाही आणि फोडणीतही नाही. अप्पा पिठात काय काय घालायचे ते घालायचं असतं, हे मला त्या क्षणी कळलं. शेंगोळी अंगठ्याएवढी जाड, बाहेरून लिबलिबीत आणि आत कोरडं पीठ. दुसऱ्याच्या चटणीला खारट म्हणणारी ही बाई!

आणि त्याहून वाईट म्हणजे पातेल्यात बाहुली नव्हती. डावानं ढवळलं, नाही. हात घालून चाचपलं, नाही. सासूबाई वाडग्यातनं काकींच्या घरी गेल्या होत्या. काकी आणि आत्या एकाच गिरणीत दळण टाकायच्या, तासभर गप्पा मारायच्या. आणि ते नाक मंगळवार पेठेत कुणाला दाखवलं असतं तरी त्यानं पत्ता सांगितला असता.

मी धावत काकींच्या दारात गेले. "काकी, ते वाडगं जरा..."

"अगं, रिकामं देऊ व्हय?" काकी आतनं म्हणाल्या. "जा तू, बस निवांत. लई भारी झाल्यात हां शेंगोळी!"

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता आणि, आमच्या घरी नसला तरी, काकींना उपास होता. पोटात घासभरही न जाता त्या भारी झाल्यात म्हणत होत्या, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. मी परत आले. पातेल्यातलं उरलेलं मागच्या बोळातल्या म्हशीपुढं ठेवलं. तिनं वास घेतला, माझ्याकडं बघितलं, आणि मग बिचारीनं खाल्लं.

आता घरात काही नव्हतं. पोह्यांचा डबाही तळाला गेलेला. मी काही करायच्या आत दारात नाक दिसलं, मागोमाग चमकी आणि शाल गुंडाळलेल्या आत्या.

"बसा आत्या."

"बसतो. पाणी नको."

त्या खुर्चीच्या कडेला बसल्या. स्टोव्ह बघितला, फळी बघितली, मोकळं पातेलं बघितलं. सकाळपासून पाठ केलेलं माझं सगळं भाषण कुठं गेलं कुणास ठाऊक. आत्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. "सुजल्यात," म्हणाल्या. मी म्हटलं, "न्हाय." बाहेर भाभींच्या घरातली मशिन खडखडत होती.

तेवढ्यात मालकीणबाई दारात आल्या. हातात माझं स्टीलचं वाडगं, वर ताटली झाकलेली. "तुझं वाडगं राहिलतं गं माझ्याकडं. गारठा हाय, गरम गरम घे," म्हणाल्या आणि आत्यांना बघून लगबगीनं निघून गेल्या.

मी ताटली उचलली. लसणाच्या फोडणीचा आणि तुपाचा असा वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. शेंगोळी! आणि बघते तर जाड, अंगठ्याएवढी. अशी शेंगोळी कोल्हापूर जिल्ह्यात दोनच माणसं वळत असतील, एक अप्पा आणि एक मी. सकाळी मी दिलेलं माझ्याच वाडग्यात परत आलं होतं, पण लाल, तकतकीत, वर तुपाचे डोळे. हे कसं झालं ते कळेना, आणि भुकेपुढं विचारही सुचेना. मी चमचा घेतला.

"काय गं ते?" आत्यांनी विचारलं.

"शेंगोळी."

"हुलग्याची?"

"व्हय."

"आणि तू खाणार?" आत्या ताडकन उभ्या राहिल्या. "येडे, पोटुशी बाईनं हुलगं खात्यात व्हय? उष्ण असतंय ते! एवढंबी तुला तुझ्या आईनं..."

आणि त्या थांबल्या. मला आई नाही हे त्यांना माहीत होतं, रागाच्या भरात विसरल्या होत्या. मी वाडग्यात बघत उभी राहिले. खरं सांगते, त्या वेळेला मला आईची आठवण नाही आली, आई मला आठवतच नाही. मला फक्त एवढंच वाटलं की असं जोरात ओरडून, हे खाऊ नको, असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"आण इकडं," आत्या हळू आवाजात म्हणाल्या आणि वाडगं माझ्या हातातनं काढून घेतलं. "अन्न टाकायचं न्हाय. मी खातो. हे तुझ्या चुलीवरचं न्हाय न्हवं?"

मी तोंड उघडलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा ते काही न बोलता मिटलं. मान तेवढी हलवली, होय का नाही ते कळणार नाही अशी.

आत्या खायला लागल्या. पहिला घास घेऊन म्हणाल्या, "बघ, असं शिजवावं. मऊ कसं झालंय." दुसऱ्या घासाला म्हणाल्या, "मीठ बघ कसं बरोबर पडलंय." बरोबर या शब्दावर जरा जास्तच जोर होता. मी म्हटलं, "व्हय आत्या." उपाशी पोटी, समोर माझीच शेंगोळी दुसऱ्याच्या नावानं वाखाणली जात असताना, मी एवढी गरीब गाय झाले होते की माझ्या भावांनी बघितलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं.

आणि मग चमच्यात बाहुली आली.

मी ती विसरलेच होते. शिजून शिजून ती दुप्पट फुगली होती, आणि तिच्यात जे आधीच मोठं होतं तेही दुप्पट झालं होतं. मिरा जागच्या जागी. आत्यांनी ती दोन बोटांत उचलली, तोंडासमोर धरली, उलटी केली, परत सुलटी केली. त्यांचा दुसरा हात आपोआप वर गेला आणि स्वतःच्या चमकीला लागला. मी फरशीकडं बघत होते. मनात म्हटलं, संपलं. बाळंतपण आता गडहिंग्लजात, साखरेच्या पोत्याशेजारी.

आत्यांनी बाहुली तोंडात टाकली. नाकाकडनं. दातांखाली मिरा कट्ट वाजला. त्या चावत राहिल्या, डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला.

"पाणी दे," त्या म्हणाल्या.

मी माझ्या कळशीतलं, माझ्या घरचं पाणी तांब्यात भरून दिलं. त्यांनी ते घटाघटा पिऊन टाकलं. मग तोंड पुसलं, उरलेल्या शेंगोळ्यांवर ताटली झाकली आणि, "थोडं ह्यास्नी नेतो," म्हणून माझं वाडगं घेऊन उठल्या. ह्यास्नी म्हणजे सासऱ्यांना. उंबऱ्यावर म्हणाल्या, "पाय वर करून बसत जा." आणि गेल्या. बाहुलीबद्दल चकार शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी नळावर मला सगळं कळलं. काकींना उपास म्हणून त्यांच्या नवऱ्यानं शेंगोळं चाखलं, "ह्यात मीठ कुठाय?" म्हणाला. काकींनी मीठ घालून उकळी आणली. पण त्याला ड्यूटीवर जायचं होतं, मग त्यांनी भाभींचं अडकलेलं भांडं त्यातनं भरलं. भाभींना ते फिकं दिसलं, त्यांनी चटणी घालून लसणाची जोरकस फोडणी दिली. घरी आधीच स्वयंपाक झालेला, म्हणून मालकीणबाईंच्या भांड्यातनं पुढं. मालकीणबाईंना दात नाहीत, त्यांनी पाणी घालून मऊ होईपर्यंत शिजवलं, तूप सोडलं, आणि चाखून बघितलं तर हुलगा पोटाला जड जाईल म्हणाल्या. समोर माझं वाडगं दिसलं. माझ्या फसलेल्या शेंगोळ्यांना तीन घरांनी मिळून शिजवलं होतं, आणि एकीलाही ती कुणाची ते माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं, हे तेवढं मला माहीत नव्हतं.

"आणि बाहुली?" मी घाबरत विचारलं.

"बघितली की," भाभी बादली उचलत म्हणाल्या. "नाकावरनं ओळखली. म्हटलं, तुमच्या घरचं माणूस हाय, आम्ही कशाला खायचं? घरी जाऊ दे."

तिघी एवढ्या हसल्या की बादल्या भरून वाहायला लागल्या. मला हसू येईना. आत्या गप्प गेल्या होत्या, आणि त्या गप्प राहिल्या की त्याचा अर्थ काय, हे मला माहीत नव्हतं, कारण त्या गप्प राहिल्याचं मी कधी बघितलंच नव्हतं. तो दिवस आणि पुढचा दिवस मी पाय वर करून बसले आणि झुरले.

रविवारी नवरा आईकडं जाऊन आला तेव्हा त्याच्या हातात माझं वाडगं होतं, वर फडकं बांधलेलं. रिकामं देण्याचा रिवाज आत्यांच्याही घरात नव्हता.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काय न्हाय. म्हणाली, उष्ण न्हाय, खा म्हणावं."

फडकं सोडलं. आत वळवटाची खीर होती, गव्हाच्या पिठाच्या बारीक वळलेल्या शेवया, दूध आणि गूळ. अजून गरम. आणि खिरीवर, वेगळी उकडून ठेवलेली, गव्हाच्या पिठाची बाहुली. तिला डोळे नव्हते, नाक नव्हतं, हात म्हणजे नुसते दोन ठिपके. दोनच गोष्टी मन लावून केल्या होत्या. एक पोट, हे एवढं. आणि दुसरी जीभ. लांब कापलेली खारकेची फाक तोंडात खोचली होती, ती पोटाच्याही खाली लोंबत होती.

मी हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. नवरा विचारत राहिला, काय झालं, दुखतंय का कुठं, त्याला बिचाऱ्याला दोन्ही बाहुल्यांमधलं काहीच माहीत नव्हतं. मी बाहुलीचं पोट बोटानं अलगद उकललं. आत एक बेदाणा होता.

अप्पांचा नियम होता, ज्याच्या ताटात येईल त्यानं खायची. बेदाणा मी वाटीत बाजूला काढून ठेवला आणि आधी जीभ तोंडात टाकली.

"अगं, आणि आई विचारत होती," नवऱ्याला आठवलं, "बाळंतपणाला तुझी खाट खिडकीपाशी लावायची का भिंतीपाशी?"

खिडकीपाशी गार वारं लागतं एवढंबी कळत न्हाय व्हय त्यास्नी, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण खारीक चिवट होती, चावून चावून संपेना, आणि तोंड भरलेलं होतं. मी नुसतं भिंतीकडं बोट दाखवलं.